गायकाच्या हाती बंदूक

‘शोले’ पाहिला नाही अशी आपल्यात क्वचितच कुणी असेल. माळरान, घोडे, दरोडेखोर आणि गाव राखायला आणलेले दोन गडी. हा थाट बराचसा अमेरिकेच्या वेस्टर्न सिनेमांवरून आला. त्या मूळच्या वेस्टर्नमध्येही कधी कधी एखादा देखणा पोरगा बंदूक बाजूला ठेवून गिटार घेतो. तो मुळात नट नसून गायक असतो. त्याला कशासाठी घेतलं, ते आज सांगतो.

१९५० नंतर अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडू लागली. तरुण पोरंपोरी मात्र गाण्यांच्या तबकड्या भराभर विकत घेत होती. मग निर्मात्यांनी हिशेब केला, गायकच सिनेमात घेतला तर त्याचं गिऱ्हाईक तिकिटाच्या खिडकीवर येईल.

१९५६ साली एल्व्हिस प्रेस्ली पहिल्यांदा पडद्यावर आला, तो वेस्टर्नमधूनच. सिनेमाचं नाव ‘द रेनो ब्रदर्स’ ठरलं होतं. पण त्यातल्या ‘लव्ह मी टेंडर’ गाण्याच्या तबकडीला बाजारात येण्याआधीच दहा लाखांवर मागणी आली, आणि सिनेमालाही गाण्याचंच नाव दिलं. गोष्टीत एल्व्हिस मरतो. चाहते नाराज होतील म्हणून शेवटी त्याची गाणारी छबी पुन्हा दाखवली. मेलेला माणूस गातोय, पण तिकीट वसूल!

‘रिओ ब्राव्हो’मध्ये (१९५९) मात्र हे नीट जमलं. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, नायक जॉन वेन, आणि सोबत दोन गायक, डीन मार्टिन व रिकी नेल्सन. रिकी जेमतेम अठराचा, टीव्हीमुळे घरोघरी ठाऊक. हॉक्सने त्याला पेलतील एवढेच संवाद दिले. मार्टिनला दारू सोडू पाहणाऱ्या शिपायाचं काम. हात इतके थरथरतात की सिगारेट वळता येत नाही, ती वेन वळून देतो, न बोलता. दारूपायी घराची काय दशा होते हे आपल्या गटांना सांगायला नको. हा प्रसंग बघताना मार्टिन गायक आहे हे आम्ही विसरूनच गेलो. गाणंही जागच्या जागी येतं. सगळे तुरुंगात अडकलेले, बाहेर शत्रू टपलेला, वेळ जाता जात नाही. जात्यावर बसलं की ओवी येते, तसं ते येतं.

एल्व्हिसलाही खरा नट व्हायचं होतं. ‘फ्लेमिंग स्टार’मध्ये (१९६०) त्याचा बाप गोरा आणि आई कायोवा या आदिवासी जमातीची. दोन्हीकडून ओढला जाणारा मुलगा त्याने मनापासून उभा केला. गाणी दोनच, तीही सुरुवातीला. पण त्याच वर्षीच्या, गाण्यांनी भरलेल्या ‘जी. आय. ब्लूज’ने जास्त धंदा केला. मग पुढची कितीतरी वर्षं त्याच्या वाट्याला बहुतेक नाचगाण्याचेच सिनेमे आले.

१९६९ च्या ‘चारो’त तो दाढी वाढवून पुन्हा घोड्यावर बसला. त्यात तो पडद्यावर एकही गाणं म्हणत नाही. सुरुवातीला नावं येतात, तेवढ्यापुरता त्याचा आवाज ऐकू येतो.