खुराच्या भिंतीवरची नोंद

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या गावी शंकरपट भरला, की सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. कोणत्या जोडीने पट किती सेकंदांत कापला आणि धुरकरी कोण होता, याची चर्चा पुढे अनेक दिवस चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शर्यती बंद झाल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा भरू लागले. पण हे सारे धावणे ज्यावर उभे आहे, त्या खुराकडे आपण किती वेळा पाहतो?

खुराच्या भिंतीच्या आजारांचा जास्त अभ्यास झाला आहे तो शर्यतीच्या घोड्यांमध्ये. म्हणून आधी घोड्याचा खूर समजून घेऊ, मग वऱ्हाडातल्या गोठ्याकडे वळू.

नखावर उभा प्राणी

हाताचे मधले बोट नखाच्या टोकावर टेबलावर उभे करून पाहा. घोडा चारही पायांवर असाच, एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. बैलाच्या प्रत्येक पायाला अशी दोन नखे असतात. आपले नख आणि खूर दोन्ही केराटिन या प्रथिनाचेच बनलेले असतात.

शर्यतीच्या घोड्याचे वजन साडेचारशे किलोच्या आसपास धरू. भरधाव पळताना पुढच्या एका पायावर क्षणभर याच्या सुमारे अडीच पट भार येतो. म्हणजे एक टनाहून अधिक! हा भार तळव्यावर टेकलेला असतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पायाचे शेवटचे हाड खुराच्या भिंतीला आतून जणू टांगलेले असते. भिंतीच्या आतल्या बाजूला ५५० ते ६०० उभे पापुद्रे असतात, त्या प्रत्येकावर आणखी शंभराहून अधिक बारीक पापुद्रे. हाडाकडून आलेले तसेच जिवंत पापुद्रे त्यांत गुंतलेले असतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन वह्यांची पाने एकाआड एक गुंतवा आणि वह्या कण्याला धरून ओढा. सहज सुटत नाहीत. वह्यांमध्ये हे काम घर्षण करते, खुरात जिवंत पेशी एकमेकींना चिकटून ते करतात. पण मोठा पृष्ठभाग थोड्या जागेत बसवण्याची युक्ती एकच आहे.

भिंत कशी बिघडते?

पहिला प्रकार भेगांचा. दुसऱ्यात भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर, म्हणजे ‘पांढऱ्या रेषे’पाशी, आतले शिंग सुटे होते. त्या फटीत जिवाणू आणि बुरशी शिरतात आणि शिंगाचा भुगा होतो. वरून खूर धड दिसतो, पण हलकेच ठोकला तर पोकळ आवाज येतो. तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रकार पापुद्रेदाहाचा. यात जिवंत पापुद्र्यांची पकड सुटते आणि टांगलेले हाड खाली सरकते किंवा फिरते. १९७३ मध्ये अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकणारा सेक्रेटॅरिएट हा घोडा १९८९ मध्ये याच आजाराने गेला.

कारण आणि जोखीम

‘बुरशी लागली म्हणून खूर गेला’ असे म्हणणे सोपे आहे. पण ती बुरशी मातीत सर्वत्र असते, मग सगळे खूर का जात नाहीत? इथे ‘कारण’ आणि ‘जोखीम वाढवणारी गोष्ट’ यांतला फरक विद्यार्थ्यांना दाखवून देता येतो.

पहिली जोखीम वाढलेल्या टोकाची. खूर वेळेवर छाटला नाही, तर टोक पुढे लांबते. पाऊल उचलताना ते तरफेसारखे काम करते आणि प्रत्येक पावलाला भिंत हाडापासून उचकटते. दुसरी ओल्यासुक्याची. सतत भिजणारे आणि वाळणारे शिंग ठिसूळ होते. मूत्र आणि शेण साचलेली जमीन त्यात भर घालते. तिसरी खाद्याची. एकदम जास्त धान्य पोटात गेले, तर घोड्याच्या मोठ्या आतड्यात ते आंबते आणि आम्ल तयार होते. त्याचा परिणाम पोटापासून दूर असलेल्या खुरातल्या पापुद्र्यांवर होतो. चौथी जोखीम दुसऱ्याच पायाच्या दुखापतीची. २००६ चा केंटकी डर्बी विजेता बार्बारो याचा मागचा उजवा पाय त्याच वर्षी मे महिन्यात शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण जास्तीचा भार सोसणाऱ्या डाव्या पायाला पापुद्रेदाह झाला. जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

आपल्या गोठ्यात

बैलाच्या खुरात दुय्यम बारीक पापुद्रे नसतात, पण पकड सुटण्याचा धोका त्यालाही आहे. अकोला-अमरावतीकडे ज्वारीचा पेरा आता पुष्कळ घटला आहे. तरीही मळणीच्या दिवसांत दावे सोडून बैल धान्याच्या ढिगात शिरला, तर तेच घडते. फरक इतकाच, की आंबण्याची जागा आतडे नसून कोठीपोट असते. पटाआधी जोर यावा म्हणून अचानक वाढवलेला खुराकही याच वाटेने जातो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात तापलेली कोरडी जमीन, हा ओल्यासुक्याचा फेरा तर दरवर्षीचाच.

एक जोखीम मात्र बैलाचीच आहे. लाळ-खुरकूत घोड्याला होत नाही, बैलाला होते. त्यात खुराच्या वरच्या कडेला फोड येतात, आणि भिंत तिथूनच वाढत असते. पटात अनेक गावांची जनावरे एकत्र येतात, तेव्हा लसीकरण झालेले नसेल तर एका बैलाचा रोग अनेक गोठ्यांत पोचतो.

खूर वाचता येतो

भिंत वरून खाली वाढते. घोड्याची महिन्याला साधारण १ सेंटिमीटर, बैलाची सुमारे अर्धा सेंटिमीटर. ताप, अपचन, उपासमार यांमुळे वाढ अडखळली, की तिथे आडवी खाच पडते आणि वाढीबरोबर ती खाली सरकते. समजा, फेब्रुवारीत बैलाच्या खुरावर वरच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर खाच दिसली. म्हणजे चार महिने मागे जा. ऑक्टोबरमध्ये काय झाले होते? सोयाबीनच्या ढिगात तोंड घातले होते का? आजारपण आले होते का? मालकाला आठवतेच. विद्यार्थ्यांनी आपल्या नखाच्या बुडाशी खूण करून महिनाभर ती मोजावी. साधारण ३ मिलिमीटर सरकेल.

या हिशेबातूनच एक कडवी गोष्ट कळते. घोड्याच्या खुराचे पुढचे टोक पूर्ण नवे व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते. बिघडलेली भिंत औषधाने सांधत नाही, नवी वाढेपर्यंत थांबावे लागते. शर्यत काही सेकंदांची आणि दुरुस्ती वर्षाची, असा हा व्यवहार आहे. म्हणून वेळेवर छाटणी, कोरडी जमीन, हळूहळू बदललेला खुराक आणि लंगडणाऱ्या जनावराला विश्रांती, हाच खरा उपाय. बैल लंगडत असेल, खूर हाताला गरम लागत असेल किंवा वरच्या कडेला फोड दिसत असतील, तर नालबंदाआधी पशुवैद्यकाला दाखवावे आणि त्या दिवशी बैलाला पटात जुंपू नये.

पुढच्या पोळ्याला बैल सजून दारी येतील, तेव्हा मुलांना शिंगांच्या रंगाबरोबर खुरांकडेही पाहायला सांगू या. मागच्या वर्षाचा हिशेब तिथे लिहिलेला असतो.