कॅरॅव्हॅन ओढताय? आधी वजनाचा हिशोब करा

नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीत चाकांवरचं घर उभं करून दोन दिवस राहावं, ही हौस छान आहे. 2021 मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण पुण्याहून यायचं तर बोरघाट उतरावा लागतो, पुढे पेण, वडखळ आणि कार्लेखिंड. तिथे खरी परीक्षा वजनाची होते.

गैरसमज: इंजिन दणकट आहे, काहीही ओढेल.
वस्तुस्थिती: ओढण्यापेक्षा थांबवणं कठीण. उतारावर ट्रेलर गाडीला पुढे रेटतो, ब्रेक तापतात. ओढण्याची मर्यादा कंपनी ठरवते ती ब्रेक, क्लच, चासी आणि इंजिन थंड ठेवण्याची क्षमता पाहून. युरोपात 750 किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. मॅन्युअलमध्ये 'ट्रेलर ओढू नये' असं असेल, तर विषय संपला.

गैरसमज: ट्रेलरचा भार त्याच्याच चाकांवर, गाडीला काय?
वस्तुस्थिती: ट्रेलरच्या वजनाचा काही भाग, साधारण 5 ते 7 टक्के, हुकावर येतो आणि तो गाडीच्या भारात धरतात. समजा, रिकामी गाडी 1650 किलो आणि एकूण मर्यादा 2200. म्हणजे हाताशी 550. चालकासह पाच माणसं 350, सामान 100, बाराशे किलोंच्या ट्रेलरचा हुकावरचा भार 84. उरले 16. हुकाचं लोखंडच 25 किलोंचं निघालं, की मर्यादा ओलांडली.

गैरसमज: कॅरॅव्हॅनचं रिकामं वजन माहीत आहे, तेवढं पुरे.
वस्तुस्थिती: शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. जड सामान खाली, ट्रेलरच्या आसाजवळ ठेवा. मागे भार जास्त झाला तर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो.

गैरसमज: जादा भाराचा कायदा ट्रकवाल्यांसाठी.
वस्तुस्थिती: मोटार वाहन कायद्याचं कलम 113 कुठल्याही मोटार वाहनाला आणि ट्रेलरला लागू आहे. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. जादा भारासाठी 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000.

निघण्याआधी माणसांसकट भरलेली गाडी आणि ट्रेलर वजनकाट्यावर तोला. आकडा मर्यादेबाहेर गेला, तर सामान तिथेच उतरवा. पाण्याची टाकी नागावात पोचल्यावरही भरता येते.