फावला वेळ फावलाच राहू द्या



या पानावर आम्ही आजवर फावल्या वेळाचे पुष्कळ उपयोग सांगितले. फावल्या वेळात परसात शेवगा लावा, चार कोंबड्या पाळा, गांडूळखत करा, लोणची-पापड करून विका, असे लिहिताना आम्हांला कधी शंका आली नाही. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरत असता एका वयस्क मावशींनी आम्हांला थांबवले. म्हणाल्या, "तुमचं पान नातू मला वाचून दाखवतो. चांगलं असतं. पण बाबा, दिवसभर राबून जरा वेळ फावला, तर तोही तुम्ही कामालाच जुंपता. मग माणसानं नुसतं बसायचं तरी कधी?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढे आठ-दहा दिवसांनी काही कामानिमित्त त्यांच्या घरी जाणे झाले. पाऊस लागला होता. मावशी सोप्यावर पाय पसरून कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या पाहत बसल्या होत्या. आमची चाहूल लागताच त्यांनी लगबगीने पाय आवरले, बाजूचे सूप पुढे ओढले आणि तांदूळ निवडायला घेतले. तांदूळ आधीच निवडलेले होते!

ते पाहून आम्हांला वाईट वाटले. साठ वर्षे शेतात, चुलीपुढे, गोठ्यात खपलेल्या बाईला स्वतःच्याच सोप्यावर रिकामे बसलेले कोणी पाहू नये असे का वाटावे? आणि ही लाज वाढवायला आमच्या पानानेही हातभार लावला असेल काय?

जनावरांच्या बाबतीत आपण शेतकरी शहाणे आहोत. गाय दिवसातील दहा-बारा तास बसून काढते, सात-आठ तास रवंथ करते. तिला कोणी आळशी म्हणत नाही. उन्हे चढली की औत सोडतो, बैलांना पाणी दाखवतो, सावलीत बांधतो. बेंदराला तर त्यांच्या खांद्यावर जू ठेवत नाही. पवित्र शास्त्रात निर्गमाच्या 23 व्या अध्यायात सातव्या दिवसाच्या विसाव्याची आज्ञा आहे. तेथेही बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका मनुष्य या सर्वांची आठवण ठेवली आहे. बैलाला दिलेली सवलत माणूस स्वतःला मात्र देत नाही.

आपण सहज उपभोगतो तो रविवारही फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना पूर्वी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांच्या सभा भरवल्या. दर रविवारी सुट्टी व दुपारी अर्धा तास विश्रांती या मागण्या त्यांनी पुढे मांडल्या. रविवारची सुट्टी मालकांनी मान्य केली ती 1890 च्या जून महिन्यात. म्हणजे एका दिवसाच्या विसाव्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले.

परंतु घरातल्या बाईचा रविवार कोणता? त्या दिवशी पुरुषमंडळी कट्ट्यावर गप्पा मारत बसतात, मुले खेळतात आणि तिच्या वाट्याला मात्र वाटण वाटणे, मटण शिजवणे, पाहुण्यांचे चहापाणी व ढीगभर भांडी येतात. तिच्यासाठी अजून कोणी सभा भरवलेली नाही. तेव्हा विसाव्याच्या गोष्टी बोलताना आधी घरातल्या घरात न्याय करावा. रविवारी दुपारची भांडी मुलग्यांनी घासली म्हणून कोणाची पत जात नाही.

कोणी म्हणेल, विश्रांती हवीच, कारण त्यामुळे काम अधिक होते. हे खरे आहे, आणि आम्हीही असेच लिहीत आलो. पण आता वाटते, या बोलण्यातही खोच आहे. असे म्हटले की विसावाही कामाचा गडीच झाला. मावशींचे आता फारसे काम उरलेले नाही. मग काय त्यांनी पागोळ्या पाहू नयेत? पहिल्या पावसाने उठणारा मातीचा वास, जूनच्या तोंडावर झाडांवर लुकलुकणारे काजवे, पावशाची साद, निखाऱ्यावर भाजलेले रताळे, शेजारणीबरोबर निवांत प्यालेला कपभर चहा, यांचा बाजारभाव निघत नाही. ती गोष्ट आवडते, एवढेच कारण पुरे आहे.

गोव्याकडच्या 'सुशेगाद' या शब्दाची बाहेरची माणसे थट्टा करतात. तो पोर्तुगीज भाषेतून आला व त्याचा मूळ अर्थ शांत, निवांत असा आहे; आळशी असा नव्हे. बलकावावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करणारा माणूस कोणाचे काही बिघडवत नाही. उलट शेजारी कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे बहुधा त्यालाच आधी कळते.

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून चार गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन शेतातले जड काम टाळावे. ताक किंवा कोकमाचे सरबत चिमूटभर मीठ घालून घ्यावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ डॉक्टरांना विचारून.

दुपारी डोळ्यांवर झापड येते ती केवळ जेवणामुळे नव्हे. शरीराचे घड्याळच त्या वेळी मंदावते. वीस-तीस मिनिटे पडल्यास बरे वाटते. तास-दोन तास झोपल्यास उठताना डोके जड होते व रात्रीची झोप मोडते.

हातात मोबाइल घेऊन बसणे म्हणजे नुसते बसणे नव्हे. डोळे व मन त्या वेळी राबतच असतात.

पुरेशी झोप व विसावा घेऊनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल, तर तो आळस समजू नये. डॉक्टरांना दाखवून रक्तातील हिमोग्लोबिन, साखर व थायरॉईड तपासून घ्यावे. बायकांनी हे अंगावर काढू नये.

शेवटी हेही ध्यानात आहे की, ज्याच्या घरी आज राबल्याखेरीज उद्याची पेज नाही, त्याला निवांत बसा म्हणून सांगणे सोपे नाही. त्याला उपदेश नको. मजुरी वेळेवर हवी आणि आठवड्याची एक सुट्टी पगारी हवी. आपल्या शेतावर माणसे लावणाऱ्यांनी एवढे मनावर घ्यावे.

त्या दिवशी आम्ही मावशींच्या हातातले सूप काढून भिंतीला टेकवून ठेवले आणि त्यांच्याशेजारी बसलो. अर्धा तास पाऊस पाहिला. फारसे बोलणे झाले नाही. निघताना त्या म्हणाल्या, "असंच येत जा, कामाशिवाय."

शेवग्याच्या छाटणीविषयी पुढील अंकी लिहूच. तोवर, वाचकहो, एखादी संध्याकाळ नुसतीच जाऊ द्या.