ध्वज नसलेल्यांचे मैदान

उज्जैनच्या रामघाटावर सिंहस्थाची पर्वणी आली की क्षिप्रेच्या पाण्यात प्रथम कोणी उतरावे आणि मागाहून कोणी, याची क्रमवारी ठरलेली असते. अखाडा परिषदेने मान्य केलेले अखाडे तेरा; मान त्यांचा. २०१६ च्या सिंहस्थात तृतीयपंथीयांचा किन्नर अखाडा उज्जैनीत दाखल झाला, तेव्हा चौदावा अखाडा म्हणून त्याला मान्यता देण्याचे परिषदेने साफ नाकारले. तरीही त्या अखाड्याने आपली मिरवणूक काढली आणि क्षिप्रेत स्नान केले. पुढे २०१९ मध्ये प्रयागला जुना अखाड्याने त्याला आपल्यासोबत घेतले. मान्यता परिषदेच्या हाती होती. नदी मात्र कोणाच्या मालकीची नव्हती.

फुटबॉलच्या जगातही आज हाच प्रश्न उभा आहे. मैदान कोणाचे? ज्यांना मान्यता आहे त्यांचे, की जे खेळतात त्यांचे?

फुटबॉलची जागतिक सत्ता ज्या फिफाच्या हाती आहे, तिचे सदस्य २११ आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९३. म्हणजे सार्वभौम राष्ट्र हा फिफाचा एकमेव निकष नाही हे उघड आहे. स्कॉटलंड आणि वेल्स हे ब्रिटनचे घटक स्वतंत्र संघ उतरवतात, हाँगकाँग व मकाव यांनाही जागा आहे. २०१६ साली कोसोवो व जिब्राल्टर यांना एकाच अधिवेशनात प्रवेश मिळाला. उलट झांझिबारला आफ्रिकी महासंघाने २०१७ च्या मार्चमध्ये सदस्यत्व दिले आणि जुलैमध्ये काढून घेतले. अवघ्या चार महिन्यांचा हा मान! यात सुसंगत तत्त्व शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही; इतिहासाचे योगायोग आणि बलवंतांची मर्जी तेवढी दिसते.

या दाराबाहेर राहिलेल्यांनी आपले वेगळे मैदान मांडले आहे. २०१३ साली स्थापन झालेल्या कोनिफा या संघटनेने अमान्य प्रदेश, अल्पसंख्य जमाती आणि निर्वासित यांच्या संघांसाठी स्वतःची विश्वस्पर्धा भरवली. २०१४ मध्ये स्वीडनमध्ये, २०१६ मध्ये अबखाझियात आणि २०१८ मध्ये लंडनमध्ये या स्पर्धा झाल्या. अबखाझियात यजमानांशी अंतिम सामना खेळला तो ब्रिटनमधील पंजाबी मंडळींनी उभारलेला पंजाब संघ. लंडनमध्ये तिबेटही उतरला. राजधानी नाही, सैन्य नाही, टपालाचे तिकीट नाही. पण अकरा खेळाडू आहेत आणि अंगावर एकाच रंगाचा सदरा आहे, एवढ्या भांडवलावर ही माणसे जगासमोर आपले नाव उच्चारतात.

त्या उच्चाराची किंमत किती, हे तिबेटच्या संघाने अनुभवले आहे. २००१ च्या जूनमध्ये कोपनहेगन येथे तिबेटचा सामना ग्रीनलंडशी झाला. भारतातील निर्वासित वसाहतींतून घडलेला हा संघ. सामना होऊ नये म्हणून चीनने दडपण आणले; ग्रीनलंडची कोळंबी घेणे बंद होईल अशी धमकी आली. कोळंबीवर आपले पोट किती अवलंबून असते हे आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना कोणी समजावून सांगावयास नको. ग्रीनलंड तरीही खेळला आणि चार विरुद्ध एक गोलांनी जिंकलाही. पण पराभूत तिबेटी खेळाडूंना त्या दिवशी जे मिळाले, ते गुणफलकावर मांडता येण्याजोगे नव्हते.

या चळवळीवर आक्षेप आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. खेळाच्या आडून फुटीरपणा पोसला जातो, असे म्हटले जाते. अबखाझियासारखे प्रदेश रक्तरंजित संघर्षातून निपजले आहेत. त्यांच्या मैदानावरचा जयघोष सर्वस्वी निरागस असतो, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. २०१८ ची स्पर्धा युक्रेनमधील हंगेरियन अल्पसंख्याकांच्या संघाने जिंकली, तेव्हा युक्रेनच्या क्रीडामंत्र्यांनी खेळाडूंच्या चौकशीची मागणी केली. सीमेवर संकट असलेल्या राष्ट्राची ही चिंता समजू शकते. भारतालाही अशा चिंता आहेतच. परंतु वेगळे नाव घेणारा प्रत्येक जण वेगळे राष्ट्र मागतो, हे गृहीतकच मुळात तपासले पाहिजे.

ते तपासण्यासाठी गोव्याइतके चांगले उदाहरण नाही. शिवोलीत १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी रुजवलेला हा खेळ पोर्तुगीज अमलात वाढला. गोव्याची फुटबॉल संघटना १९५९ साली स्थापन झाली ती पोर्तुगीज नावाने. दोनच वर्षांनी गोवा मुक्त झाला आणि ती भारतीय फुटबॉलच्या प्रवाहात मिळाली. १९६७ च्या जनमत कौलाने गोव्याचे वेगळेपण राखले, पण घटक राज्याचा दर्जा काही दिला नाही. तो मिळावयास १९८७ च्या मे महिन्याची ३० तारीख उजाडावी लागली. मात्र संतोष करंडकावर गोव्याचे नाव त्याआधीच कोरले गेले होते: १९८२-८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि लगेच पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षणास उभे राहत, तेव्हा गोवा घटक राज्य आहे की केंद्रशासित प्रदेश, हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात येत नसे. दिल्लीने दिले त्याआधी मैदानाने ते दिले होते.

पुढे २०१४ साली पोर्तुगीजभाषक जगाचे लुसोफोनिया क्रीडामहोत्सव गोव्यात भरले. तेथे गोव्याच्या फुटबॉल संघाने सुवर्णपदक पटकावले. आपल्या नावाने गोवा परदेशी संघांशी खेळला म्हणून भारताच्या एकात्मतेला ओरखडाही उमटला नाही. उलट त्या पदकाचा आनंद भारताचाच होता. नाव सन्मानाने घेऊ दिले की ते फुटीचे हत्यार होत नाही. नाकारले की मात्र त्याला धार चढते.

तेव्हा गोव्याने येथे काही करावे, असे आम्हास वाटते. २०२२ साली हिमाचल प्रदेशातील पांवटा साहिब येथे कोनिफाची महिला स्पर्धा झाली. उत्तर युरोपातील सामी जमातीच्या मुली तिबेटी मुलींशी तेथे खेळल्या आणि आभाळ काही कोसळले नाही. गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. दलाई लामांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १९८१ पासून या वसाहतींच्या संघांत सुवर्णचषक खेळला जातो. या मुलांना फातोर्ड्याच्या हिरवळीवर, गोव्याच्या नामवंत क्लबांसमोर खेळावयास बोलावणे हे काही परराष्ट्र धोरण नव्हे. ती शेजाऱ्याला दिलेली हाक आहे.

मान्यता देणे सरकारांचे आणि महासंघांचे काम. ते त्यांनी आपल्या सवडीने करावे. चेंडू मध्यरेषेवर ठेवून समोरच्याला खेळावयास बोलावणे मात्र कोणाच्याही ठरावाची वाट पाहत नाही. ज्या भूमीला स्वतःच्या नावाची ओळख प्रथम मैदानावर मिळाली, तिने तरी दुसऱ्याच्या नावापुढे फाटक लावू नये.