रणगाड्यातली नोरिको

मारिओ, काँट्रा, सर्कस, रोड फायटर, बाँबरमॅन आणि टँक. राहुरीत नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही या गेमची ओळख करून द्यायला नको. राहुरी फॅक्टरीच्या कॉलनीत, विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये, देवळाली प्रवरा आणि वांबोरीच्या घरांत ‘टीव्ही गेम’ होता. कुणाचा समुराई, कुणाचा लिटल मास्टर, तर कुणाचा नगरहून आणलेला बिननावाचा डबा. कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची आणि भारनियमनाची वेळ पाहून डाव मांडायचा, हे सगळ्यांना पाठ आहे.

माझं कुतूहल दुसरंच होतं, आणि ते इतकी वर्षं सुटलेलं नाही. हे गेम बनवले कुणी? जत्रेतल्या तमाशाच्या फडालासुद्धा नाव असतं. आमच्या कॅसेटींतल्या गेमना मात्र ना कर्ता होता, ना गाव, ना साल. पुढे साधनं हाताशी आली तेव्हा मी शोध सुरू केला आणि कळलं, की ही नावं दोनदा पुसली गेली होती.

आपण खेळलो ते यंत्र म्हणजे निन्तेंदोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची नक्कल. मूळ यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. ते घडवलं मासायुकी उएमुरा या अभियंत्याने. आत प्रोग्रामच्या कामासाठी जेमतेम २ किलोबाइट स्मृती होती. पुढे तैवानच्या यूएमसी वगैरे कंपन्यांनी त्यातल्या चिपांच्या प्रतिकृती काढल्या आणि त्यावर जगभरातले स्वस्त डबे उभे राहिले. रशियात त्याला ‘डेंडी’ म्हणत.

नकलेतही एक गुंता होता. जपानी टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवतो, आपला पन्नास वेळा. तैवानी चिपांनी जपानी गेम आपल्या टीव्हीवर चालवून दाखवले, पण गेमची घड्याळं चित्रांच्या मोजणीवर बांधलेली असल्यामुळे सगळंच सुमारे सतरा टक्क्यांनी मंदावलं. आपला मारिओ जपानी मुलांच्या मारिओपेक्षा हळू पळत होता आणि त्याचे संगीतकार कोजी कोंडो यांचं संगीतही सावकाश वाजत होतं. मूळ वेगातली ती धून मी ऐकली तेव्हा ती मला घाईची वाटली. आजही आपलीच चाल मला बरोबर वाटते.

आता नावांकडे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या मूळ पडद्यावर शीर्षकाखाली १९८५ साल आणि निन्तेंदोचं नाव आहे. आपल्या ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटींत ती ओळ बहुतेक वेळा नसायची. चोरून कॉपी करणाऱ्यांनी मालकाची खूण काढून टाकली, हे समजण्यासारखं आहे. त्या लाखो गेमांतले खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत. बाकी यादी म्हणजे त्याच गेमना वेगळी नावं देऊन, वेगळ्या स्टेजपासून किंवा जास्त लाइफ देऊन केलेली भरती. कॅसेट उघडली तर आत चिपवर काळ्या राळेचा थेंब ओतलेला. तिथेही कुणाचं नाव वाचायला मिळत नसे.

पण पहिली पुसापुशी त्याआधीच, खुद्द जपानमध्ये झाली होती. आपली माणसं प्रतिस्पर्धी पळवतील या भीतीने त्या काळातल्या बऱ्याच कंपन्या कारागिरांची खरी नावं गेममध्ये येऊ देत नसत, आली तर टोपणनावं. मारिओमध्ये तो घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची नावं कुठेही नाहीत. सबंध गेम ४० किलोबाइटचा. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारा सुप्रभातचा फोटोही याहून मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्राला दोन रंग देऊन काढलं आहे. ही युक्ती ज्यांनी केली, त्यांचं श्रेय त्या गेममध्ये नसावं हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

सर्वांत श्रीमंत सापडला तो टँकचा गेम. त्याचं खरं नाव ‘बॅटल सिटी’, कंपनी नामको, साल १९८५. मूळ पडद्यावर मात्र १९८० आणि १९८५ अशी दोन सालं आहेत, कारण हा गेम नामकोच्याच १९८० सालच्या ‘टँक बटालियन’वरून वाढवलेला. माझ्या मते त्या सगळ्या गेममध्ये हाच श्रेष्ठ, मारिओपेक्षाही. मारिओत दुसऱ्याला आपली पाळी येईपर्यंत नुसतं बघत बसावं लागतं, इथे दोघं एकाच वेळी मैदानात. खाली विटांच्या आडोशाला बसलेला गरुड, तो गेला की डाव संपला. एकेका स्टेजला वीस शत्रू, अशी पस्तीस स्टेज. आपल्याच जोडीदाराची गोळी लागली की आपला रणगाडा क्षणभर जागीच अडकतो. त्या एका नियमाने राहुरीतल्या किती सख्ख्या भावांची भांडणं लावली असतील! शिवाय स्वतःचं मैदान रचण्याची सोय. गरुडाभोवती पोलादी भिंत बांधून बघितली नाही असा मुलगा मला भेटलेला नाही.

या गेमचा प्रोग्राम आणि चित्रं मिळून अवघे २४ किलोबाइट भरतात. त्या साठ्याची आतून तपासणी करणाऱ्यांना तीन नावं मिळाली, जी खेळताना पडद्यावर कधीच येत नाहीत: ऱ्योइची ओकुबो, ताकेफुमी ह्योदो आणि जुन्को ओझावा. ओझावाबाई नामकोच्या संगीतकार. ‘द टॉवर ऑफ द्रुआगा’ या गेमचं संगीतही त्यांचंच. स्टेज सुरू होताना वाजणारी ती छोटी धून आठवते ना? ती त्यांची. पुढे संगीत नाही, फक्त इंजिनाची घरघर आणि गोळ्या. गेमचा ताण वाढतो तो त्या घरघरीमुळेच.

आणि याच्याही आत एक चिठ्ठी आहे. बटणं एका लांबलचक, सहज न सुचणाऱ्या क्रमाने दाबली तर पडद्यावर इंग्रजीत मजकूर उमटतो. त्याचा आशय असा: हा प्रोग्राम ‘ओपन-रीच’ने लिहिला आहे आणि त्याचं नोरिकोवर प्रेम आहे.

एकेक बाइट तोलून वापरण्याच्या त्या दिवसांत कुणीतरी थोडी जागा नोरिकोसाठी राखली. नाव लिहायची मुभा नसलेल्या माणसाने टोपणनावाने सही केली आणि सोबत प्रेमाची कबुलीही ठेवली. पुढे नक्कल करणाऱ्यांनी जिथे फक्त शीर्षकाचा पडदा खोडला, तिथे पोटातला हा मजकूर तसाच कॉपी होत गेला. म्हणजे जपानमधून तैवानमार्गे निघालेली एक प्रेमाची चिठ्ठी मुळेकाठच्या घरांतही पोचली असणार आणि आपण वर्षानुवर्षं तिच्यावरून रणगाडे फिरवत होतो. इतक्या शोधात मला याहून मोलाचं काही मिळालं नाही.

काँट्राबद्दल थोडकंच. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हा क्रम मुलांच्या तोंडोतोंडी फिरला, त्याने तीस लाइफ मिळत. तो मुळात काँट्रासाठी नव्हताच. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा अंतराळयानाचा गेम घरगुती यंत्रासाठी बसवत होते. तपासायला घेतला तर तो त्यांनाच झेपेना, म्हणून लक्षात राहील असा क्रम त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी घातला. तो गेममध्ये राहून गेला आणि १९८८ च्या काँट्रातही आला. हाशिमोतो २५ फेब्रुवारी २०२० रोजी गेले, उएमुरा डिसेंबर २०२१ मध्ये. एकाने आपल्याला यंत्र दिलं आणि दुसऱ्याने तीस लाइफ. राहुरीत त्या बातम्यांवर कुणी हळहळलं नाही, कारण त्यांना ओळखण्याची संधीच कुणी आपल्याला दिली नव्हती.

नकलांविषयी माझ्या मनात राग नाही. अस्सल यंत्र त्या काळी आपल्या तालुक्यापर्यंत आलंच नसतं, आणि आलं असतं तरी परवडलं नसतं. पण नक्कल करणाऱ्याने गेम ठेवून नाव फेकलं, ही गोष्ट मी माफ करू शकत नाही.

म्हणून एक विनंती. या दिवाळीत साफसफाई करताना माळ्यावर जुना टीव्ही गेम किंवा कॅसेटींचा डबा सापडला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेटवरच्या कागदाचा स्वच्छ फोटो काढा, गेमची यादी पडद्यावर आली तर तिचाही काढा, आणि कॅसेट कुठून, कधी घेतली ते घरच्यांना विचारून मागे लिहून ठेवा. आतला मजकूर वाचून जतन करण्याची उपकरणं आता मिळतात आणि ते काम हौसेने करणारी माणसंही आहेत. जपानी मूळ गेम जपले गेलेत, पण आपल्याकडे नेमक्या कोणत्या नकला आल्या याची नोंद आपल्यालाच करावी लागेल.