फोन दिला, ॲप आलं, शिकवलं काय?

‘अंगणवाडीच्या बायकांना मोबाइल जमत नाही, म्हणून त्या ऑनलाइन कामाला विरोध करतात.’ हे वाक्य सरकारी बैठकांत सहज फेकलं जातं. २०२१चा घटनाक्रम मात्र वेगळं सांगतो. त्या वर्षी १ मार्चला केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आलं आणि ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. कारणं रोखठोक होती: २ जीबी रॅमचा फोन तापतो, अडकतो, दुरुस्तीचा खर्च पदरचा, आणि ॲप इंग्रजीत. स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप बिनदिक्कत वापरणाऱ्या बाईला ‘तंत्रज्ञानाची भीती’ चिकटवणं सोयीचं असतं, कारण मग फोन कुणी निवडला हा प्रश्न निघत नाही.

दुसरा समज असा, की एकदा प्रशिक्षण उरकलं म्हणजे काम आलं. राज्याने जिल्ह्याला शिकवायचं, जिल्ह्याने प्रकल्पाला, प्रकल्पाने बीटला, म्हणजे काही अंगणवाड्यांच्या गटाला; पाड्यावर पोचेपर्यंत उरतं ते ‘इथे दाबा, मग तिथे दाबा’. खरं तर यावरचा उपाय ८ मार्च २०१८ला सुरू झालेल्या पोषण अभियानातच होता. त्यात २१ विषयांचे छोटे पाठ केले होते. बीट बैठकीत थोडं शिकायचं, गावात करून बघायचं, पुढच्या बैठकीत अडचण मांडायची. ॲपचं नवं व्हर्जन ग्रुपवरच्या लिंकने आलं, की ही सगळी शहाणी पद्धत वाऱ्यावर जाते.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज तिसरा: कुपोषित मूल ॲप शोधतं.

ॲप फक्त गणित करतं. वय, वजन आणि उंची भरली की मूल तीव्र कुपोषित आहे का, ते सांगतं. पण आकडा कसा आला हे फोनला दिसत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजायची, त्यापुढच्या मुलाची उंची उभं करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत साधारण ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो. दीड वर्षाचं पोर उभं करून मोजलं तर ते बुटकं भरतं, त्या उंचीला वजन पुरेसं वाटतं आणि खरोखर खंगलेलं बाळ यादीतून निसटू शकतं. काट्याचं शून्य, अंगावरचे कपडे, डोक्यावरची वेणी, सगळ्याचा हिशेब त्याच आकड्यात. शिवाय दोन्ही पायांवर सूज असेल तर वजन फसवं ठरतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत असला तरी ते धोक्यातच असतं. बोटाने सूज दाबून बघायला कुठलंही ॲप येत नाही.

बाळाची लांबी घ्यायला माणसं दोन लागतात: एक डोकं धरायला, एक पाय सरळ करायला. म्हणजे प्रशिक्षण मदतनिसेलाही हवं. तिला कोण बोलावतं? आणि छोट्या पाड्यांवरच्या मिनी अंगणवाडीत तर मदतनीस नसायचीच.

ॲप आलं म्हणजे रजिस्टरं गेली, हाही समज नाशिक जिल्ह्यातल्या पेठमध्ये टिकत नाही. सुरगाणा आणि कळवणप्रमाणे हा अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे इथे गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं चौरस जेवण देणारी, २०१५ पासूनची राज्याची अमृत आहार योजनाही चालवायची असते. तिचा जमाखर्च लिहून आहार समितीपुढे मांडायचा तो ॲपहून वेगळाच.

‘पेठ म्हणजे रेंजची अडचण, बाकी काही नाही’ हेही अर्धंच खरं. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखणं आलं. त्याआधी आधारची पडताळणी, आणि तिचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो आणि पावसाळा संपला की इथली अनेक माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. सेविका समोर, बाई समोर, रेंजही आहे. ओटीपी मात्र बागेत. ही अडचण सेविकेला कितीही शिकवलं तरी सुटणारी नाही. आधारला योग्य नंबर जोडून देणारं केंद्र जवळ आणावं लागेल आणि ते काम सेविकेचं नाही.