उष्ण हवेतील सिगार आणि तंबाखूचा भुंगेरा

सिगार ही सर्वस्वी तंबाखूच्या पानांची वस्तू आहे. आतला गाभा, त्याला आकार देणारे बांधणीचे पान आणि बाहेरचे तलम वेष्टन या तिन्हींत कागद नसतो, आणि ही पाने वाळवून, थप्प्या लावून, त्या थप्प्यांत निर्माण होणाऱ्या उष्णतेत आंबवून तयार केलेली असली तरी ती हवेतील ओलावा पुढेही सतत घेत व सोडत राहतात. त्यामुळे क्यूबात, निकाराग्वात किंवा तमिळनाडूतील दिंडीगुल येथे वळलेला सिगार घरी आल्यावर कसा टिकेल, हे त्या घरातील हवेवर अवलंबून असते. सिगार बाळगणारे लोक आर्द्रतेची जितकी काळजी घेतात तितकी तापमानाची घेत नाहीत, आणि उष्ण प्रदेशांत कीड लागण्याचे मूळ बहुधा याच दुर्लक्षात असते.

ही कीड म्हणजे तंबाखूचा भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. प्रौढ भुंगेरा दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी रंगाचा आणि पाठीला बाक असलेला असतो. बाजूने पाहिल्यास त्याचे डोके छातीखाली वळलेले दिसते. तो उडू शकतो, मात्र काही आठवड्यांच्या आपल्या आयुष्यात फारसे खात नाही. खरे नुकसान करते ती त्याची मळकट पांढरी, बारीक केसांची, अर्धवर्तुळाकार वळलेली अळी. मादी पानांच्या घड्यांत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि त्यांतून निघालेल्या अळ्या गाभ्यात वेडेवाकडे बोगदे पोखरतात. सिगारच्या वेष्टनाला टाचणीने टोचल्यासारखे गोल भोक दिसते तेव्हा ते बहुधा आत शिरण्याचे नसून, वाढ पूर्ण करून बाहेर पडलेल्या भुंगेऱ्याचे असते. असा सिगार कागदावर हलकेच आपटला की त्या भोकातून पिठासारखी तपकिरी भुकटी पडते.

निकोटीन अनेक कीटकांना मारते आणि पूर्वी ते कीटकनाशक म्हणून वापरलेही जात असे, तरीही ही अळी तंबाखूवर पोसली जाते. तिच्या पचनसंस्थेत यीस्टसारखी एक बुरशी सहजीवनाने राहते. ती अळीला ब जीवनसत्त्वे पुरवते आणि अन्नातील विषारी द्रव्ये पचवण्यास मदत करते, म्हणूनच या किडीला इतर कीटकांनी टाळलेले पदार्थही चालतात. तुतनखामेनच्या थडग्यात या जातीचे अवशेष सापडले आहेत. तंबाखू अमेरिकेतून जुन्या जगात पोहोचण्याच्या हजारो वर्षे आधी हा कीटक इतर वाळलेल्या वनस्पतींवर जगत होता, हे त्यावरून उघड होते. महाराष्ट्रात तो हळकुंडे, सुंठ, धणे आणि लाल मिरची यांत आढळतो, त्यामुळे सिगारची पेटी मसाल्यांच्या डब्यांशेजारी ठेवणे म्हणजे किडीला एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची सोय करून देणे होय.

अंडी फार बारीक असल्याने ती पानांसोबत नकळत घरात येऊ शकतात. ती उबतील की नाही हे तापमान ठरवते. साधारण ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ सुमारे एका महिन्यात पूर्ण होते, २० अंशांच्या आसपास तिला तीन-चार महिने लागतात, आणि त्याहून थंड हवेत ती जवळजवळ थांबते. म्हणून १६ ते १८ अंशांवर ठेवलेल्या पेटीत अंडी असली तरी उपद्रव सहसा होत नाही, तर मे महिन्यातल्या मुंबईत तीच पेटी महिन्याभरात वाया जाऊ शकते.

तापमानाचा आर्द्रतेशीही संबंध आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत हवेत प्रत्यक्ष असलेली वाफ. २० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, तर ३० अंशांची हवा सुमारे ३० ग्रॅम; त्यामुळे मापकावरचा ७० टक्के हा आकडा तोच राहिला तरी गरम हवेत वाफ कितीतरी अधिक असते. उष्ण घरात ६२ ते ६५ टक्के आर्द्रता राखणे म्हणूनच अधिक सुरक्षित ठरते, कारण ७५ टक्क्यांच्या वर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. कोकणात पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, त्यामुळे तेथे पेटीत पाणी घालण्याऐवजी हवाबंद डबा आणि ओलावा गरजेनुसार सोडणारी व शोषणारी पाकिटे उपयोगी पडतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र त्याच पेटीला ओलावा पुरवावा लागतो. मापकाची खातरजमा घरच्या मिठाने करता येते. लहानशा झाकणात मीठ घेऊन ते विरघळणार नाही, फक्त चिकचिकीत होईल इतकेच पाणी त्यात घालावे आणि ते झाकण मापकासह हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवावे, म्हणजे आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते व मापकातील चूक कळते.

सिगारच्या पेट्या परंपरेने ज्या लाकडाच्या करतात ते ‘स्पॅनिश सीडर’ देवदाराच्या नव्हे, कडुनिंबाच्या कुळातले आहे, आणि भारतातला तून हा त्याचा जवळचा नातेवाईक आहे. हे लाकूड ओलावा सावरून धरते आणि त्याचा वासही सुखद असतो, परंतु त्या वासाने भुंगेरा मरतो या समजुतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

खात्रीचा उपाय थंडीचा आहे. क्यूबातून निर्यात होणारे सिगारही या शतकात गोठवूनच बाहेर पाठवले जाऊ लागले. घरी हा उपाय करायचा तर सिगार दुहेरी हवाबंद पिशव्यांत घालून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, नंतर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान चार-पाच दिवस, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावेत आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी मुळीच उघडू नये. घाईने बाहेर काढलेल्या सिगारवर दव जमते आणि तलम वेष्टन तडकते. फ्रिज हा कायमचा निवारा मात्र नव्हे, कारण तो पाने सुकवतो आणि त्यातील अन्नाचा वास तंबाखूला लागतो. वाइनसाठीचे छोटे शीतकपाट अधिक योग्य. ते नसेल तर गच्चीच्या तापलेल्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत जमिनीलगतचे कपाट निवडावे.

डांबरगोळ्या, कापूर किंवा कडुनिंबाचा पाला पेटीत ठेवू नये. त्यांचा वास तंबाखू शोषून घेतो आणि गाभ्यातली अळी सुरक्षितच राहते. गोदामांत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून सुटणारा फॉस्फीन वायू माणसाचा जीव घेतो, आणि या भुंगेऱ्याच्या काही प्रजा त्याला आता दादही देत नाहीत. विषाविना कीड रोखण्याचे उत्तम उदाहरण सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांत मिळते. जमिनीखालच्या त्या बंद खड्ड्यांत तापमान फारसे चढत नाही, हवेतला प्राणवायू घटतो आणि कीड तग धरत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर आतली हवा निवळेपर्यंत कोणी खाली उतरत नाही. सिगारला इतका कोंडमारा सोसत नसला तरी थंडावा आणि बंदिस्तपणा यांचे महत्त्व तेथे स्पष्ट दिसते.

एका सिगारला भोक दिसले की पेटीतले सर्वच सिगार संशयित मानावेत. पोखरलेले सिगार पिशवीत बांधून घराबाहेर टाकावेत आणि उरलेले वर सांगितल्याप्रमाणे गोठवावेत. रिकाम्या पेटीच्या फटी ब्रशने साफ करून तीही थंडीत ठेवावी, लाकडावर फवारणी मात्र करू नये. स्वयंपाकघरातील जुनी हळकुंडे व धणेही त्याच दिवशी तपासावेत. त्यानंतर पेटीच्या तळाशी पांढरा कागद अंथरून निदान दोन महिने त्यावर लक्ष ठेवावे, कारण उष्ण हवेत राहून गेलेली अंडी असतील तर तेवढ्या काळात त्यांचा भुंगेरा होऊन कागदावर ताजी भुकटी दिसते, आणि ती दिसली नाही तर पेटी पुन्हा वापरात घेता येते.